लिली फुलून गेली... आता पुढे काय?

बर्थडे असो, प्रमोशन असो की कुणाची वास्तुशांत, हल्ली बुकेऐवजी कुंडी द्यायची फॅशन आहे. आणि कुंड्यांमध्ये सगळ्यांत जास्त भाव खाते ती लिली! पहिला आठवडाभर तिची ऐट काही विचारू नका. जाता-येता प्रत्येक जण थांबतो, वास घेतो, मोबाइलवर फोटो काढतो. मग एखाद्या सोमवारी ऑफिसात येऊन बघावं तर पाकळ्या कीबोर्डवर, केशरी पराग कागदांवर आणि कुंडीत नुसता हिरवा दांडा. बुधवारी कुंडी डेस्कवरून पॅन्ट्रीत जाते, गुरुवारी जिन्यात आणि वीकेण्डच्या आत हाउसकीपिंगच्या काळ्या पिशवीत.

आमच्या ऑफिसातल्या अशा तीन कुंड्या मी उचलून घरी आणल्यात. 'त्यात आता राहिलंय काय?' असं विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगते की, फुलं गेली म्हणजे तिची सुट्टी संपली. आता ती कामावर रुजू झालीय.

कसं ते सांगते. लिलीचा सगळा कारभार मातीखालच्या कंदातून चालतो. कंद म्हणजे झाडाचा प्रॉव्हिडंट फंड समजा. पानं दिवसभर उन्हात राबून अन्न तयार करतात, त्यातला वाटा गुपचूप कंदात जमा होत राहतो. फूल म्हणजे त्या फंडातून एका झटक्यात काढलेली मोठी रक्कम! त्यामुळे फुलून झालेला कंद हाताला हलका आणि काहीसा पोचट लागतो. तो पुन्हा भरायचा तर पानांना काही महिने काम करू द्यावं लागतं. आणि नेमकं त्याच वेळी आपण काय करतो? फुलं संपली, झाड 'बोअर' दिसतंय म्हणून कात्री घेऊन पानं सपासप छाटतो. मी आधी राहायचे त्या सोसायटीचा माळी दर मे महिन्यात हेच करायचा. गेटजवळ स्वच्छ दिसावं म्हणून लाल लिलीची पानं जमिनीलगत साफ. आणि पुढच्या उन्हाळ्यात सेक्रेटरी काका त्यालाच विचारायचे, 'काय रे, यंदा फुलं का नाहीत?'

तेव्हा पहिला नियम असा की सुकलेलं फूल खुडायचं, पानाला हात लावायचा नाही. पाकळ्या गळल्यावर मागे जे हिरवं बोंड फुगायला लागतं ना, तेही काढून टाका. ते राहिलं तर झाड सगळी ताकद बी तयार करण्यात घालवतं. पान आपण होऊन पिवळं पडून लोळायला लागलं, हलकं ओढल्यावर हातात आलं, की मगच त्याची रवानगी करायची.

आधी ओळख पटवा

आता खरी गोची. आपल्याकडे लांब पान आणि जरा नखरेल फूल दिसलं की त्याला लिली म्हणून मोकळे होतात. नर्सरीत जाऊन नुसतं 'लिली द्या' म्हणालात तर पाच ठिकाणी पाच वेगवेगळी झाडं हातात पडतील, आणि फुलून गेल्यावर प्रत्येकीचे लाड वेगळे. म्हणून बोटाने वरची माती जरा बाजूला करा आणि कंद बघा. कांद्यासारखा गोल, वर पातळ सालीचा पापुद्रा असेल तर ती आपल्या ओळखीची बागेतली लिली. लसणाच्या पाकळ्या सैलसर चिकटवल्यासारखा, सालच नसलेला पांढरट कंद असेल तर ती बुकेवाली, म्हणजे वनस्पतीशास्त्राच्या हिशेबातली खरी लिली. आणि कंदच नाही, नुसत्याच मुळ्या आहेत? मग ती बहुतेक पीस लिली. ती नावापुरतीच लिली, खरं तर अळूच्या खानदानातली. तिचं फूल हिरवट पडलं की दांडा बुडापासून कापा आणि वर्षभर नेहमीसारखं पाणी घालत राहा. तिला झोपबीप काही नसते.

बुकेवाल्या लिलीबद्दल मात्र स्पष्टच बोलते, कारण नर्सरीवाले बोलत नाहीत. एशियाटिक, ओरिएंटल वगैरे नावांनी विकल्या जाणाऱ्या या लिलींचे कंद आपल्याकडे मुख्यतः नेदरलँड्सहून येतात. गुलाबी पाकळीला पांढरी किनार असलेली ती फेमस 'स्टारगेझर' कॅलिफोर्नियातली, 1974 सालची. या सगळ्यांचा मूळ स्वभाव थंड प्रदेशाचा. पुन्हा फुलायचं तर कंदाला कडाक्याची थंडी लागते, तीही सलग सहा-आठ आठवडे. मुंबईत तर प्रश्नच नाही. पुण्यात डिसेंबरातली एखादी रात्र आपल्याला शाल घ्यायला लावते, पण तेवढ्याने या बाईंचं भागत नाही. म्हणून दुसऱ्या वर्षी नुसतीच पानं येतात, तिसऱ्या वर्षी तीही खुरटी.

उपाय आहे, पण चिकाटी हवी. पानं पिवळी पडेपर्यंत झाड सांभाळायचं. पावसाळ्यात कुंडी वळचणीला, जेमतेम ओल राहील अशी ठेवायची. सप्टेंबरअखेर कंद काढून ओलसर कोकोपीटमध्ये गुंडाळायचा, चार भोकं पाडलेल्या पिशवीत घालायचा आणि ती पिशवी थेट फ्रीजमध्ये, भाजीच्या कप्प्यात. या कंदाला साल नसल्यामुळे तो कोरडा ठेवला तर सुरकुतून मरतो, हे लक्षात ठेवा. आणि त्याच कप्प्यात सफरचंद, केळी ठेवायची नाहीत. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि तो कंदातल्या कोवळ्या कळीचा घात करतो. नोव्हेंबरअखेर कंद कुंडीत लावायचा. इतकं करूनही फूल पहिल्या वर्षाच्या निम्म्याने आलं तरी पार्टी द्या! माझ्या तीन कुंड्यांपैकी एकीने फूल दिलं. दोन बसल्या रुसून. एवढी यातायात नको असेल तर तिला एका मोसमाची पाहुणी समजा, चार फोटो काढा आणि कंद कंपोस्टमध्ये टाका. त्यात गिल्टी वाटून घ्यायचं काही कारण नाही.

आजीची लाल लिली

खरी मजा दुसऱ्या प्रकारात आहे. कांद्यासारखा कंद, जाड पट्ट्यासारखी पानं आणि मार्च-एप्रिलमध्ये पोकळ दांड्यावर एकदम दोन-चार लालभडक भोंगे. नर्सरीत तिला अमॅरिलिस म्हणतात. शास्त्रज्ञांच्या लेखी ती हिप्पिएस्ट्रम. या नावावरून वनस्पतीशास्त्रज्ञांत कित्येक वर्षं वाद चालला होता, तो 1987 साली एका आंतरराष्ट्रीय परिषदेत मिटला. अमॅरिलिस हे नाव दक्षिण आफ्रिकेतल्या वेगळ्याच झाडाला गेलं. आपली मूळची दक्षिण अमेरिकेची. पण जुन्या वाड्यांच्या परसात, बंगल्यांच्या कुंपणाशी ती इतकी रुळलीय की तिला परदेशी म्हणवत नाही.

माझ्याकडची लिली आजीच्या साताऱ्याच्या घरातली. 2016 मध्ये ते घर पाडलं, तिथे आता चार मजली बिल्डिंग आहे. सामान हलवताना भांडी कोणाला, पलंग कोणाला, यावर बरीच चर्चा झाली. न्हाणीघराच्या मागची लिली कोणी मागितली नाही. मी खुरप्याने सहा कंद काढले आणि पेपरात बांधून एसटीने पुण्याला आणले. आता गंमत ऐका. या कंदाला बाजूने पिल्लं फुटतात आणि ती आईची हुबेहूब कॉपी असतात. म्हणजे माझ्या बाल्कनीत जे फुलतं ते आजीच्या लिलीसारखं दुसरं झाड नव्हे, ते तेच झाड आहे. घराचा दरवाजा, उंबरा, अंगण, सगळं गेलं. हे एवढं तिथलं जिवंत उरलंय. त्यामुळे मी तिच्या बाबतीत जरा जास्तच पझेसिव्ह आहे, माफ करा.

तर तिचं वर्ष कसं चालतं ते बघू. एप्रिलमध्ये फूल गेलं की दांडा लगेच कापू नका. तो हिरवा आहे तोवर तोही थोडंफार अन्न बनवतो. पिवळा पडला की कंदाच्या वर दोन बोटं ठेवून कापा. कापल्यावर पाणी गळतं, घाबरायचं नाही. मग पानं जोर धरतात. रोज चार-पाच तास कोवळं ऊन मिळेल अशा जागी कुंडी हलवा. माझी बाल्कनी पूर्वेची आहे, तिथे ती खूश असते. फूल असताना हॉलच्या कोपऱ्यात ठेवलं ते ठीक, पण फुलून गेल्यावर तिथेच विसरलात तर पानं लांबलचक, लिबलिबीत होतात आणि कंद उपाशी राहतो.

महिन्यातून एकदा मूठभर गांडूळ खत, जोडीला थोडं बोनमील. हाडांचा चुरा घरात नको असेल तर लाकडाची राख चिमूटभर चालते, तिच्यात पोटॅश असतं. युरिया मात्र नको. त्याने पानंच पानं माजतात आणि फूल गायब. आणि तो चहाचा चोथा! आपल्याकडे प्रत्येक काकू तो कुंडीत टाकतात. दूध-साखरेसकट टाकलेल्या चोथ्याला आधी मुंग्या लागतात, मग बुरशी. टाकायचाच तर धुऊन, वाळवून टाका.

कुंडी उगाच मोठी घेऊ नका. कंदाच्या कडेने दोन बोटं जागा पुरे. या लिलीला दाटीवाटीने राहायला आवडतं, मुंबईकरच म्हणा ना! कंद पूर्ण गाडायचाही नाही, वरचा एक तृतीयांश भाग मातीबाहेर डोकावला पाहिजे. यामागे कारण आहे. मानेशी पाणी साचलं की कंद सडतो, आणि आपल्या पावसात साचायला कितीसा वेळ लागतो?

लिलीची खरी परीक्षा पावसाळ्यात. कुंडीखालची ताटली जूनमध्ये काढून ठेवा. तिच्यात मुळ्या कुजतात आणि डासही होतात. डेंगीच्या दिवसांत महापालिकेची माणसं घरोघर येऊन आधी तेच तपासतात. सलग झोडपणारा पाऊस असेल तर कुंडी आत घ्या. कंद बोटाने दाबून बघत चला. टणक लागला तर ठीक. मऊ लागला, वास आला, तर लगेच उपटा, सडका भाग धारदार सुरीने कापा, दोन-तीन दिवस सावलीत वाळू द्या आणि नव्या मातीत लावा. निम्मा कंद उरला तरी तो जगू शकतो.

पण सडण्यापेक्षा मला धडकी भरते ती अळीची. काळं अंग, त्यावर पांढरे आणि लाल ठिपके. दिसायला एकदम डिझायनर! पॉलिटेला ग्लोरिओसी असं भारदस्त नाव असलेल्या पतंगाची ही पिल्लावळ पावसाळ्यात लिलीवर तुटून पडते. सकाळी ऑफिसला जाताना पानाच्या मागे बारीक अळ्यांचा पुंजका दिसला आणि आपण 'संध्याकाळी बघू' म्हणालो, तर दोन-चार दिवसांत नुसते बुडखे उरतात. पानं गेली म्हणजे त्या वर्षीची कमाई गेली. हातात ग्लोव्ह्ज घालून वेचून साबणाच्या पाण्यात टाकणं हा सगळ्यांत खात्रीचा इलाज. शिवाय लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि लिक्विड सोपचे दोन-चार थेंब, असं आठवड्यातून एकदा संध्याकाळी फवारा. 'ग्लोरिओसी' हे नाव आलंय आपल्या कळलावीवरून, ग्लोरिओसा सुपर्बा. ट्रेकला जाणाऱ्यांनी ती नक्की पाहिली असेल, पावसाळ्यात सह्याद्रीत कुंपणांवर चढलेली, ज्वाळांसारख्या लाल-पिवळ्या पाकळ्यांची. तीही पावसानंतर वरून पूर्ण वाळते आणि जमिनीखालच्या कंदात गुडूप होते. तिथे तिला खत घालायला कोणी जात नाही आणि पानं छाटायलाही कोणी जात नाही!

दिवाळीनंतर पाणी हळूहळू कमी करा. डिसेंबर-जानेवारीत जवळजवळ बंद. पानं पिवळी पडतील, पडू द्या. काहींची हिरवीच राहतात, तेही चालतं. या लिलीच्या पुढच्या फुलाची कळी कंदाच्या पोटात साधारण वर्षभर आधीच धरलेली असते. आपण फक्त विश्रांती द्यायची. फेब्रुवारीच्या सुमारास कंदाच्या शेंड्यातून हिरवी चोच दिसली की पाणी पुन्हा सुरू.

रिकामी कुंडी फेकू नका

मे फ्लॉवर ऊर्फ फुटबॉल लिली हे आणखी वेगळंच प्रकरण. तिची तऱ्हा उलटी. मे महिन्यात कोरड्या मातीतून आधी लाल तंतूंचा चेंडू वर येतो आणि मोठी, रुंद पानं बहुधा त्याच्या पाठोपाठ. पावसाळाभर पानं डौलात असतात. नोव्हेंबरच्या आसपास ती वाळतात आणि मग पाच-सहा महिने कुंडीत मातीशिवाय काहीच दिसत नाही. या काळात पाणी अगदी क्वचित, पंधरा दिवसांतून अर्धा पेला. बहुतेक मे फ्लॉवर मरतात ते रोगाने नाही, साफसफाईने. दिवाळीनंतर कोणीतरी 'रिकामी' कुंडी उपडी करतं आणि त्यात मिरची लावतं. आमच्या मजल्यावरच्या काकूंनी कुंडीवर ऑइलपेंटने चक्क 'झोपली आहे' असं लिहून ठेवलंय. आयडिया भन्नाट आहे.

पावसाळी लिली, म्हणजे ती गवतासारखी, गुलाबी किंवा पांढऱ्या चिमुकल्या फुलांची, तिचं काहीच करावं लागत नाही. आळशी मंडळींनी डोळे झाकून हीच घ्यावी. एक ट्रिक सांगते. फुलं संपली की दोन-तीन आठवडे पाणी तोडा, मग एके दिवशी कुंडी चिंब भिजवा. पाऊस आला असं समजून ती काही दिवसांत पुन्हा फुलते. स्पायडर लिलीही तशीच दणकट. पालघरपासून पार नवसारीपर्यंतच्या पट्ट्यात हिची शेती होते. दादरच्या फूलबाजारात हारांसाठी येणाऱ्या लांब पांढऱ्या कळ्यांच्या जुड्या तिच्याच.

हे मात्र सिरियसली घ्या

घरात मांजर असेल तर बुकेवाली लिली घरात आणूच नका. कुंडीतली नको आणि फ्लॉवरपॉटमधलीही नको. पान चावलं, अंगावर पडलेले पराग चाटले, इतकंच काय, फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी मांजराच्या किडन्या एक ते तीन दिवसांत निकामी होऊ शकतात. आधी उलट्या, लाळ, मलूलपणा. मग थोडं बरं वाटल्यासारखं दिसतं आणि मालक निर्धास्त होतात. तेव्हाच वेळ निघून जाते. संशय जरी आला तरी काही तासांच्या आत व्हेटकडे न्या, उद्यावर ढकलू नका. डे लिलीचाही असाच धोका आहे. फुलं गळताना पराग सगळीकडे सांडतात, म्हणून 'आता फुलं संपली' हा काळही सेफ नाही. माझ्या रूममेटने मांजर आणलं त्याच दिवशी माझ्या खऱ्या लिलीने मैत्रिणीच्या घरी मुक्काम हलवला. वाद घालण्यासारखं त्यात काही नव्हतं.

दुसरा धोका स्वयंपाकघरातला. लाल लिलीचा कंद आणि कांदा शेजारी ठेवले तर घाईत फरक कळत नाही आणि पावसाळी लिलीची पात तर हुबेहूब कांद्याच्या पातीसारखी दिसते. दोन्ही विषारी. पोटात गेल्या तर उलट्या-जुलाब होतात. तेव्हा काढलेले कंद कांद्या-बटाट्याच्या टोपलीजवळ कधीच ठेवू नका. फ्रीजमध्ये ठेवाल तर पिशवीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा आणि स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनाही दाखवून ठेवा. ज्या घरात पाच जण एक फ्रीज शेअर करतात तिथे तर हे मस्टच.

घर बदलताना

आपल्यापैकी निम्मे लोक अकरा महिन्यांच्या अॅग्रीमेंटवर राहतात आणि लिलीचं वर्ष बारा महिन्यांचं. म्हणजे एक ना एक दिवस शिफ्टिंग येणारच. गुलाब, जास्वंद हलवताना जीव मेटाकुटीला येतो. कंदाचं तसं नाही. डिसेंबर-जानेवारीत शिफ्टिंग असेल तर लाल लिली आणि मे फ्लॉवर काढा, माती झटका, जिवंत मुळ्या न तोडता पेपरात गुंडाळा आणि कागदी पिशवीत भरा. प्लॅस्टिकमध्ये घाम सुटतो आणि बुरशी धरते. हवेशीर, कोरड्या जागी दीड-दोन महिने ते आरामात राहतात. ऐन पावसाळ्यात हलवावं लागलं तर कुंडीसकटच न्या, पानांना धक्का नको. आजीची लिली तिसऱ्या फ्लॅटमध्ये आलीय ती अशीच, लॅपटॉपच्या बॅगेत, चार्जरच्या शेजारी.

आणि हलवताना पिल्लं वेगळी करा. आईच्या निम्म्या आकाराची झालेली पिल्लं हलक्या हाताने सुटी होतात. ती फुलायला दोन-तीन वर्षं घेतात, तेवढा धीर असलेल्या दोस्तालाच द्या. एखादं मी जुन्या फ्लॅटमध्येही ठेवून येते. बाल्कनीच्या कोपऱ्यात छोटी कुंडी आणि नव्या भाडेकरूसाठी चिठ्ठी: 'कुंडी रिकामी नाही. फेब्रुवारीपासून पाणी घाला. पानं कापू नका.'